नळीवरची वेळ

सर कुणाला नाव विचारत नसत. गाव विचारत, आणि एकदा कळलं की तेच त्या माणसाचं नाव होऊन जाई.

बेळगावातल्या एका मोठ्या इस्पितळात ते लहान मुलांच्या अतिदक्षता विभागाचे प्रमुख होते. मी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी होऊन त्यांच्या संशोधनात मदतनीस म्हणून लागले, ती माझी पहिली नोकरी. मुलाखतीला गेले तेव्हा माझ्या फायलीकडं त्यांनी बघितलंही नाही. "हात दे," म्हणाले. अंगठ्याचं नख दाबून धरलं, सोडलं, आणि पांढरं पडलेलं नख पुन्हा लाल होईस्तोवर पुटपुटत मोजलं.

"गाव कुठलं?"

"उचगाव."

"भात घरच्या शेतातला खाता, का विकतचा?"

"घरचाच."

"पाणी विहिरीचं?"

"होय सर."

"बरं. उद्यापासून ये, उचगाव."

झाली मुलाखत. पुढची चार वर्षं मी उचगाव होते. पगाराच्या कागदावर सही करतानासुद्धा ते "उचगावचं झालं का?" असंच विचारत.

नख दाबायची त्यांची खोड साऱ्या इस्पितळाला ठाऊक होती. नखात रक्त परत यायला किती वेळ लागतो यावरून बारीक रक्तवाहिन्यांचा अंदाज येतो, आणि आजारी मुलाच्या बाबतीत हे कुठलाही डॉक्टर बघतो. पण सर बँकेतल्या कॅशियरचं नख दाबत, लग्नात नवरदेवाचं दाबत. एकदा बैठकीत डीनसाहेब बोलत असताना शेजारी बसलेल्या सरांनी त्यांचा हात ओढून घेतला. मोजून झाल्यावर तो हळूच टेबलावर परत ठेवला आणि म्हणाले, "चांगलं आहे. चालू द्या तुमचं."

त्यांच्या खोलीच्या खिडकीत सलाइनच्या रिकाम्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या असत. एकीत खानापूरकडचे तांदूळ, दुसरीत चिकोडीची ज्वारी, तिसरीत निपाणीजवळच्या कुठल्यातरी मळ्यातली काळी माती. धान्यात सोंडकिडे झाले की ते वॉर्डाच्या भिंतीवर फिरायचे आणि झाडलोट करणाऱ्या बायका बोंब मारायच्या. सर त्यांना समजावत, "अगं, किडा लागला म्हणजे औषध मारलेलं नाही. चांगलं धान्य आहे."

हा सगळा खटाटोप सेलेनियमसाठी होता. सेलेनियम मातीत असलं तर पिकात येतं, पिकात असलं तर माणसाच्या पोटात जातं. लागतं अगदी कणभर. पण रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराची राखण करणाऱ्या काही गोष्टी त्या कणावर अडलेल्या असतात. सरांच्या वडिलांचे शहरातल्याच खासबागेत कापडाचे माग होते, त्यामुळं ते शिकाऊ डॉक्टरांना सांगताना कापडाच्या भाषेत सांगत. "रक्तवाहिनी म्हणजे नळ समजू नका. आतून विणलेलं कापड आहे ते, जितंजागतं. मोठा जंतुसंसर्ग झाला की ते उसवतं. मग पाणी बाहेर झिरपतं, पोर सुजतं, रक्तदाब खाली जातो, आणि आपण वरनं कितीही सलाइन ओतलं तरी पुरत नाही."

अशा मुलांच्या रक्तात सेलेनियम कमी सापडतं, एवढं जगाला माहीत होतं. सरांचा प्रश्न पुढचा होता. ते आधीपासून कमी होतं म्हणून पोर जास्त खालावलं, की पोर खालावलं म्हणून ते कमी झालं? आणि आपल्या भागातल्या मुलांत मुळातच किती असतं?

"मग उत्तर काय सर?" एखादा नवा डॉक्टर विचारायचा.

"मला माहीत नाही," असं ते इतक्या आनंदानं म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, पेढे वाटणार आहेत.

राउंडवर हे वाक्य प्रत्येकाला म्हणावं लागे. ज्याला उत्तर येत नाही त्यानं आढेवेढे न घेता "मला माहीत नाही" म्हणायचं. जो गोलगोल बोलेल त्याला सर मुलाच्या खाटेजवळ नेऊन उभं करत आणि म्हणत, "आता ह्या पोराला बघून सांग." निपाणीचे एक व्यापारी एकदा बंगळुरूहून सेलेनियमच्या गोळ्यांची बाटलीच घेऊन आले. त्यांचा नातू व्हेंटिलेटरवर होता. बाटली टेबलावर ठेवून म्हणाले, "तुमी ह्यावरच अभ्यास करताय म्हणं. द्या की मग, डॉक्टर. आमची ना न्हाय." सर म्हणाले, "जास्त झालं तर हे विष आहे. किती दिलं तर बरं, ते मला माहीत नाही. माहीत नसलेलं औषध मी तुमच्या नातवाच्या तोंडात घालणार नाही." व्यापारी हात जोडून रडले, मग चिडले, मग पुन्हा रडले. सर तिथंच बसून राहिले, पण बाटली उघडली नाही. नातू पुढं बरा झाला, तेव्हा व्यापाऱ्यांनी सरांना मिठी मारली. सरांनी त्यांचंही नख दाबलं.

अभ्यासासाठी प्रत्येक मुलाचं थोडं जास्तीचं रक्त लागायचं. ते मागायला सर दुसऱ्या कुणाला पाठवत नसत. व्हरांड्यात आईबाप जिथं सतरंजी टाकून बसलेले असत तिथं जाऊन स्वतः जमिनीवर बसत. मराठी बोलणाऱ्याशी मराठीत, कन्नड बोलणाऱ्याशी कन्नडमध्ये. औषधाच्या टोपणात पाणी ओतून दाखवत, एवढंच घेणार. मग सांगत, "ह्यानं तुमच्या पोराला काही फायदा नाही. पुढं कधीतरी दुसऱ्या कुणाच्या पोराला होईल. कदाचित."

मी त्यांना म्हटलं होतं, "सर, ते कदाचित नका म्हणू. लोक घाबरतात."

"तेच तर खरं आहे त्यात," ते म्हणाले.

तरी बहुतेक जण हो म्हणत. ते रक्त काढायच्या आक्का.

आक्का म्हणजे वॉर्डातल्या जुन्या सिस्टर. खानापूरजवळच्या एका खेड्यातल्या. वीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नसावं इतक्या सहज त्या मुलांच्या शिरा शोधत. सुजलेल्या, गार पडलेल्या, मुठीएवढ्या हातातसुद्धा. सुई घालायच्या आधी मुलाचं नाव घेऊन त्याच्याशी बोलत. पोर बेशुद्ध असलं तरी. "सोन्या, जरा टोचंल हं. झालंच बघ." सगळ्या इस्पितळात सर गावाऐवजी नात्यानं हाक मारत अशी ही एकच बाई. ती वयानं त्यांच्याहून लहान असूनही ते तिला आक्काच म्हणायचे. दोघं एकमेकांशी फार बोलत नसत. सर नुसते खाटेशेजारी उभे राहिले की आक्का समजत.

आक्कांनी रक्त काढून नळी माझ्याकडं दिली की माझं काम सुरू. तासाभराच्या आत ती यंत्रात फिरवायची, वर आलेलं पिवळसर पाणी वेगळं काढायचं आणि छोट्या नळीत भरून खोल गोठवणीच्या फ्रीजमध्ये ठेवायचं. नळीवर नाव नसायचं. क्रमांक, तारीख, रक्त काढल्याची वेळ आणि वेगळं केल्याची वेळ. उशीर झाला तर तांबड्या पेशी फुटायला लागतात, त्यांच्या आतलं सेलेनियम बाहेर येतं आणि आकडा खोटा होतो. हे सरांनी मला पहिल्याच आठवड्यात तीनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा सांगायची गरज नाही, असं मीच त्यांना म्हणाले होते.

तिसऱ्या वर्षी मी सरकारी प्रयोगशाळेच्या परीक्षेची तयारी सुरू केली. घरी लग्नाचं चाललेलं, संशोधनातली नोकरी कधी संपेल याचा भरवसा नाही. इस्पितळाच्या मागच्या गल्लीत एक अभ्यासिका होती. जेवणाच्या सुट्टीत तासभर जायची, त्याचे दोन झाले, मग चार. एका दुपारी परत आले तर आक्कांनी माझ्या टेबलावर ठेवलेली नळी तशीच होती. एप्रिलचे दिवस, खोलीतला पंखा बंद. मी ती फिरवली, वेगळी केली, आणि वेळेच्या रकान्यात खरी वेळ लिहायला पेन टेकवलं. मग त्याऐवजी रक्त काढल्याच्या वेळेत वीस मिनिटं मिळवून तेवढी लिहिली.

काही झालं नाही. कुणी विचारलं नाही. पुढच्या वेळी हात अडखळला नाही.

किती वेळा केलं? आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. वर्षभर. मोजलं नाही, कारण मोजायचं म्हणजे मान्य करायचं.

नमुने पुण्याला तपासणीला पाठवायचे ठरले त्या दिवशी सरांनी स्वतः फ्रीज उघडला. नव्या शर्टात आले होते. एकेक नळी उजेडात धरून बघत होते आणि मी यादीवर खूण करत होते. मध्येच ते थांबले. एक नळी गुलाबी होती. पुढं आणखी एक. मग आणखी.

"हे काय, उचगाव?"

मी म्हटलं, "बघते सर."

"वेळा तर बरोबर आहेत," ते यादी वाचत म्हणाले. माझ्या अक्षरातल्या वेळा. "तासाच्या आतच वेगळं केलंय. मग पेशी फुटल्या कशानं?" आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "काढतानाच फुटल्या असतील. सुई बारीक, जोरात ओढलं की होतं तसं."

तेव्हा मला बोलायचं होतं. खरंच बोलायचं होतं. पण परीक्षेचा निकाल आठ दिवसांवर होता, आणि वाटलं, एवढे आठ दिवस जाऊ देत.

सरांनी गुलाबी नळ्या बाजूला काढल्या नाहीत. म्हणाले, "ह्या दिसतात म्हणून कळलं. ज्यात थोडंच फुटलंय आणि डोळ्यांना दिसत नाही, त्यांचं काय? कुठली खरी, कुठली खोटी, आता कसं सांगणार?" दोन दिवस ते खोलीत बसून होते. तिसऱ्या दिवशी इस्पितळाच्या संशोधन समितीला पत्र लिहिलं की सगळा अभ्यास रद्द करतोय. तीन वर्षांचा. मी खऱ्या वेळा सांगितल्या असत्या, निदान सकाळच्या नळ्या चांगल्या आहेत एवढं जरी सांगितलं असतं, तरी निम्म्याहून जास्त वाचल्या असत्या.

नियमाप्रमाणं एवढ्यावर संपलं असतं. पण सर म्हणाले, आईबापांना मी तोंडानं मागितलंय, तोंडानंच सांगणार. फोनवर सांगता येईल त्यांना फोन केले. ज्यांची मुलं गेली होती त्यांच्या घरी जायचं ठरवलं. पहिलं घर कोगनोळीचं. मला म्हणाले, "चल, तूही कामात होतीस."

हमरस्त्यावरचा नाका ओलांडून आत वळल्यावर एका जैन शेतकऱ्याचं घर होतं. त्यांची सहा वर्षांची मुलगी, श्रेया, आमच्या वॉर्डात पाच दिवस होती. आम्हाला चहा दिला. सरांनी कप खाली ठेवला आणि सरळ सांगितलं की श्रेयाचं जे रक्त घेतलं होतं ते आता उपयोगी पडणार नाही. आमच्याकडून नीट ठेवलं गेलं नाही.

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "मी समद्यास्नी सांगितलंय. पोरगी गेली, पर तिचं रगत कुनाच्या तर कामाला येनार हाय. माज्या सासूला सांगितलंय, माज्या आईला सांगितलंय." मग तिनं विचारलं, "चूक कुनाची झाली?"

"माझी," सर म्हणाले.

मी चहा पीत होते. तो संपवला. बशी कपाखाली नीट ठेवली. ती बाई माझ्याकडं बघत होती असं नाही, पण मला तसं वाटत होतं.

परतीच्या वाटेवर सर गाडीत एकच वाक्य बोलले, "आक्काचा हात आता पहिल्यासारखा राहिला नसेल. वय झालं."

त्यांनी आक्कांना कधीच दोष दिला नाही. मोठ्यानं तर नाहीच. फक्त पुढच्या महिन्याच्या यादीत रक्त काढायचं काम दुसऱ्या सिस्टरकडं गेलं. आक्कांनी यादी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. दोन महिन्यांनी त्यांनी स्वतःच अर्ज करून बाहेरच्या रुग्णांचे केसपेपर काढायच्या खिडकीवर बदली मागून घेतली. जाताना मला म्हणाल्या, "बाई, तुजं सरकारी काम झालं म्हणं. बरं झालं. नीट ऱ्हा." मी पेढे दिले. त्यांनी एक घेतला.

सात वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलगी झाली. मागच्या पावसाळ्यात तिला डेंग्यू होऊन त्याच वॉर्डात ठेवावं लागलं. सर निवृत्त झाले होते, खिडकीतल्या बाटल्या गेल्या होत्या. तीन वर्षांच्या मुलीच्या हातात शीर सापडेना. एका हातात दोनदा टोचलं, दुसऱ्यात दोनदा, मग पायात. ती आधी किंचाळली, नंतर तिला किंचाळायचंही बळ राहिलं नाही. मी तिचा पाय धरून होते. वॉर्डातली जुनी आया हळहळत म्हणाली, "आक्का असत्या तर एका टोचण्यात झालं असतं बगा."

मुलगी बरी झाली. तिला घरी आणल्यावर पंधरा दिवसांनी मी खासबागेत सरांच्या घरी गेले.

ते ओसरीवर पेपर वाचत होते. बारीक झाले होते. मी बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली, नाहीतर झालं नसतं. अभ्यासिका, टेबलावरची नळी, वीस मिनिटं. त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला.

"सकाळच्या नळ्या वेळेवर फिरवत होतीस?"

"होय सर."

"दुपारच्या?"

"रोज नाही."

"कुठल्या कुठल्या?"

"मला माहीत नाही सर."

मी वाट बघत होते की ते ओरडतील. कुठल्याही शिक्षेला मी तयार होऊन गेले होते. पण ते माझ्याकडं बघतच नव्हते.

"म्हणजे आक्काच्या हातानं झालं नाही ते," ते म्हणाले.

"नाही सर."

ते उठले. चपला शोधल्या. "गाडी आणलीस का?"

आक्का त्यांच्या गावी असतात. अंगणात भात वाळत घातला होता आणि त्या काठी घेऊन कोंबड्या हाकत होत्या. सरांना बघून काठी टाकली, पदर सारखा केला. सर अंगणातच थांबले, पायरी चढले नाहीत. म्हणाले, "आक्का, त्या नळ्या तुझ्यामुळं खराब झाल्या असं मला वाटलं होतं. म्हणून मी तुझं काम काढून घेतलं. ते खोटं होतं. मी चुकलो."

आक्कांनी पडलेली काठी उचलून भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, "माज्या हातानं झालं न्हाय, हे मला तवाच ठावं हुतं, सर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी इचारलंच न्हाय की. साऱ्या जगाला इचारत हिंडायचा, माती कुटली, हीर कुटली. मला एका शब्दानं इचारलं असतं, तर मी सांगितलं असतं."

मी पुढं होऊन म्हटलं, "आक्का, ते माझं काम होतं. मी वेळा खोट्या लिहिल्या." त्यांच्या पायाशी वाकले, तर त्या दोन पावलं मागं सरल्या.

"पाया नको पडू," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "किती पोरांचं असं केलंस?"

"आठवत नाही. नळीवर नुसते आकडे असायचे."

"मला आकडं ठावं न्हाईत. मला नावं ठावं हाईत."

त्यांनी सरांना हाताला धरून पायरीवर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या, आणि एकेक नाव घ्यायला लागल्या. कोगनोळीची श्रेया. बैलहोंगलचा मल्लू, टोचलं की हसायचा. जुळी होती ती, रोहन आणि रोहिणी, रोहिणी गेली. सर मान हलवत होते, कधीकधी एखाद्या नावाला गाव जोडत होते. मी अंगणात उभी राहून ऐकत होते, आणि प्रत्येक नावाला आठवायचा प्रयत्न करत होते की हे सकाळचं होतं की दुपारचं. एकाचंही सांगता आलं नाही.